बांधणारा आधी चढतो

४ फेब्रुवारी, रविवार

काका म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा, हात वळेल. मी म्हटलं, काय लिहू? तर म्हणाले, "जे बोलता येत नाही ते लिही. तुझं तोंड दिवसभर चालू असतं, तरी खरं ते आतच राहतं." म्हणून ही वही आणली. शाळा मी पाचवीत सोडली. अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं येतंय. पण कोण वाचणार आहे? मीच.

काका म्हणजे सख्खे काका नव्हेत. खोलीतले जोडीदार, आणि काम त्यांच्याकडूनच शिकलो. आमचं काम परांची बांधायचं. इमारतीला गिलावा करायचा, रंग द्यायचा तर माणसाला उंचावर उभं राहायला काहीतरी हवं ना. ते आम्ही उभं करतो. लोखंडी पाइप, क्लॅम्प, फळ्या, शिड्या. इमारत झाली की सगळं सोडून गाडीत भरायचं, पुढच्या इमारतीला. रंगाऱ्याचं नाव होतं, गवंड्याचं होतं. परांची कुणी बांधली हे आजवर एका माणसाने विचारलेलं नाही. मला याचा फार राग येतो. काका म्हणतात, "ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी ती पडलेली असेल. न विचारलेलंच बरं."

आमच्यात एक रीत आहे. ज्याने मजला बांधला त्याने त्यावर आधी चढायचं. तो वर उभा राहून हात करेल तेव्हाच बाकीचे चढणार. काका तर चढताना प्रत्येक सांध्यावर पान्याने टकटक करतात आणि कान देऊन ऐकतात. क्लॅम्प आवळलेला असेल तर पाइप खणखणतो, ढिला असेल तर भद्द आवाज येतो. पूर्वी म्हणे त्यांना नुसतं बघून कळायचं. हल्ली एकही सांधा वाजवल्याशिवाय सोडत नाहीत. वय झालं की माणूस भित्रा होतो.

गँगमधले त्यांना ओळंबा म्हणतात, भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला लटकवतो तो. सरळ, आणि मुका. मला भिंगरी म्हणतात. का ते सांगायला नको.

आता जेवायच्या आधी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचायचा आहे. रोजच मोठ्याने वाचायला लावतात मला, वाचन सुधारावं म्हणून. त्यांना सगळं पाठ आहे. डोळे मिटून बसतात आणि मी घाईत एखादी ओळ गाळली की म्हणतात, "मागं जा. ओळ राहिली." अध्याय अर्धा सोडलेला चालत नाही. भात गार झाला तरी चालतो.

७ फेब्रुवारी

आमचा मुकादम दुसऱ्या साइटवर चाललाय. त्याच्या जागी कोण, यावर दिवसभर कुजबुज. सगळे म्हणतात ओळंबाच होणार, त्यांच्याइतका जुना दुसरा आहे कोण. खरं आहे. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. काका झाले तर काय, तसेच गप्प राहतील. मी झालो तर या गँगला कुठल्या कुठे नेईन. आईला फोन करून सांगता येईल. पोरगा टिकत नाही कुठे, असं तिला म्हणणाऱ्या सगळ्या मावश्या, आत्या गप्प होतील.

आज पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली. देवा, मला मुकादम कर. एवढंच. मग वाटलं काकांचं वाईट मागितलं का? नाही. त्यांचं नावच घेतलं नाही मी.

११ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेलो. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, तिथे जमतात. खाली हवा भरायचं यंत्र चालू असतं, वर प्रार्थना. काका दरवर्षी मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, म्हणून निवडून यायचे, यंदा त्यांनी नाव देऊ नका म्हणून सांगितलं. शास्त्रपाठ वाचायचा मानही दुसऱ्याला दिला. दाराजवळच्या खुर्चीत बसतात. गीताचं पुस्तक मांडीवर मिटलेलं आणि चारही कडवी तोंडपाठ. त्यांच्या जागी जो नवा वडील झालाय तो प्रार्थनेत देवाला जगाच्या बातम्या सांगत बसतो. मी काकांना कोपराने डिवचलं, हे ऐकताय ना? ते म्हणाले, "आवाज चांगलाय त्याचा."

चहाच्या वेळी त्यांचा हात कपाच्या बाजूला पडला आणि चहा पाळकसाहेबांच्या पँटवर. मला हसू आवरेना. काका पण हसले. पाळकसाहेब म्हणाले, "बाप्तिस्मा झालाय माझा, पुन्हा कशाला?"

येताना रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला. लहान मुलासारखा. मी झटकला नाही, पण लाज वाटली, ओळखीचं कुणी बघेल म्हणून.

१५ फेब्रुवारी

झालो! मी मुकादम झालो!!

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब म्हणजे साइटचे इंजिनियर. मग पोपट म्हणाला, "कानामागून आला आणि तिखट झाला." पोपट आमच्यात पाइप वाहतो, त्याची जीभ पाइपापेक्षा लांब आहे. सगळे फिदीफिदी हसले. मी काकांकडे बघायचं टाळत होतो. तेच पुढे आले. माझा हात हातात घेतला, दाबला. "मुकादम," म्हणाले, "आता आम्हाला काम सांगा."

सांगा. मला. अहोजाहो.

नंतर ते मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आईला फोन केला. रडली. म्हणाली देवाने ऐकलं. मी म्हटलं हो. जेवण मात्र गेलं नाही. देवाने ऐकलं तर भूक का नाही?

१९ फेब्रुवारी

काका कामावर मला तुम्ही म्हणतात आणि खोलीत आल्यावर तू. मी सांगितलं, चेष्टा पुरे झाली. म्हणाले, "चेष्टा नाही रे. मीच तुला अरेतुरे केलं तर बाकीचे तुझं ऐकतील का?"

आज त्यांनी स्वतःच येऊन विचारलं, "मुकादम, मी खाली बसून क्लॅम्पांना तेल देऊ का?" तेल द्यायचं काम आमच्यात नव्या माणसाला देतात. ज्यांनी मला वर चढायला शिकवलं ते पाट्या मांडून खाली बसलेत, चिंधीने एकेक क्लॅम्प पुसतायत, बोटांनी आटे चाचपतायत. पोपट ओरडला, "भिंगरीने ओळंबा जमिनीला टेकवला रे!" मी पाना फेकून मारणार होतो त्याला. काका खालून म्हणाले, "खाली सोडला तरच कळतं ना, भिंत सरळ आहे का ते."

मला वाटतं ते मला टोमणे मारतायत. पण टोमण्याला धार असते. यांच्या बोलण्याला धारच नाही. मग माझ्या अंगाला का लागतं?

२२ फेब्रुवारी

आज मी त्यांच्यावर ओरडलो. काटकोनी क्लॅम्प आणि फिरते क्लॅम्प एकाच पाटीत कालवून ठेवले होते. वर माणसं खोळंबली. मी म्हटलं, "एवढंही दिसत नाही का तुम्हाला?" सगळी साइट ऐकत होती.

म्हणाले, "चुकलं माझं, मुकादम. वेगळे करून देतो." आणि मांडी घालून बसले वेगळे करायला, एकेक हातात घेऊन फिरवून बघत.

एवढंच. चेहऱ्यावर आठी नाही. संध्याकाळी खोलीत माझ्या आवडीची भाजी. वाटलं ताट भिरकावून द्यावं. माणूस भांडला तर मिटवता येतं. जो भांडतच नाही त्याच्याशी काय मिटवणार?

२५ फेब्रुवारी, रविवार

आज वाचायला जो अध्याय होता त्यात शेवटच्या जेवणाला प्रभू उठतो, कमरेला टॉवेल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. मला त्या शिष्याचं पटलं जो आधी नाही म्हणाला. मालकाने पाय धुवायचे म्हणजे काय? आपल्याला तोंड दाखवायला जागा उरते का? मी घाईघाईत वाचत होतो. काका म्हणाले, "मागं जा. ओळ राहिली." दोनदा.

वाचून झाल्यावर मी विचारलंच. "काका, खरं सांगा. तुम्हाला राग येत नाही?"

"कशाचा?"

"माझा."

मग म्हणाले, "येतो की. येऊन बसतो समोर. मी त्याला चहा विचारत नाही, मग जातो उठून."

"थट्टा नको."

"थट्टा नाही. तुझ्या वयाचा होतो तेव्हा रोज त्याला जेवायला घालायचो. बायको हयात होती तोवर तिने सोसलं. गेली तेव्हा कळलं की घरात जो आरडाओरडा होता तो एकट्या माझाच होता." त्यांनी पुस्तक हातात घेतलं, न उघडता. "शांती म्हणजे काही वाटत नाही असं नाही रे. तू मुकादम झालास त्या दिवशी मी मागं जाऊन रडलो. चांगला रडलो. तिथे वाळूचा ढीग आहे ना, त्याच्या आड."

मला इतकं बरं वाटलं ना! म्हणजे त्यांनाही लागलं होतं. शेवटी माणूसच आहेत. त्यांची जागा गेली म्हणून रडले. मी म्हटलं, "मग तेव्हाच बोलायचं होतं." म्हणाले, "ज्याला सांगायचं त्याला सांगितलं."

साहेबांकडे तक्रार केली की काय?

१ मार्च

आईचा फोन. मी सगळं सांगितलं, तर म्हणते त्यांची माफी माग. मी काय केलंय? जागा साहेबांनी दिली, मी हिसकावली नाही. आई म्हणाली, "बाळा, तू लहान असताना पडलास की दगडाला मारायचास. अजून तेच करतोयस." फोन ठेवला मी.

६ मार्च

आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

दोघं जण तापाने आले नव्हते. साहेब दुसऱ्या साइटवर. मागच्या बाजूची परांची आज उभी करायचीच होती, उद्या गवंडी येणार. मी काकांना म्हटलं, तेल राहू द्या, खालचे मजले पोपटाबरोबर बांधा. ते म्हणाले, "मुकादम, मला खालीच ठेवलंत तर बरं." मी म्हटलं, खालचेच सांगतोय ना. गेले. पोपट पाइप धरायचा, हे आवळायचे. प्रत्येक सांध्यावर टकटक. सगळं खणखणीत. वरच्या फळ्या मात्र पोपटाने टाकल्या.

दुपारनंतर बांधून झालं. काका खाली उतरून म्हणाले, "मुकादम, आता तुम्ही चढा. परांची तुमची आहे."

मला काय झालं माहीत नाही. वाटलं, हा तो टोमणा. इतके दिवस दाबून ठेवलेला अखेर बाहेर आला. सगळे बघत होते. मी मोठ्याने म्हटलं, "बांधली तुम्ही. रीत तुम्हीच शिकवलीत. चढा."

ते पाइपाला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "बरं." वाकून बूट काढले. साहेब असते तर बुटांवरून ओरडले असते. कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधला आणि अनवाणी चढायला लागले.

पहिला मजला. टकटक. हात केला. शिडी, दुसरा मजला. उतरतं ऊन समोरून त्यांच्या तोंडावर येत होतं. दोनतीन पावलं चालले फळीवर, पाय घासत, जणू थंड पाण्यात उतरतायत. थांबले. खाली बसले. पट्ट्याचा आकडा हाताने शोधून पाइपात अडकवला. आणि हाक मारली. मोठ्याने नाही. "मुकादम, जरा वर या."

मी गेलो, रागातच. म्हटलं, आता काय?

"इथून पुढे फळी आहे का नाही, मला दिसत नाही," म्हणाले. "तूसुद्धा दिसत नाहीस. नुसता उजेड आहे."

मी त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. डोळे हलले नाहीत.

खाली कसे आणले ते आमचं आम्हाला माहीत. त्यांचा पट्टा वरच्या पाइपाला लावत लावत मी खालच्या दांड्यावर उभा. ते वरून शिडीला तोंड करून. त्यांना पायरी सापडेना, म्हणून मी त्यांचा पाय हातात घ्यायचा आणि दांड्यावर ठेवायचा. मग दुसरा पाय. मग मी एक दांडा खाली, पुन्हा त्यांचा पाय. टाचा भेगाळलेल्या, थंडगार, तेलाने काळ्या. माझे दोन्ही तळवे तेलाने आणि धुळीने माखले. एका ठिकाणी त्यांचा पाय इतका थरथरला की मी तो तसाच धरून उभा राहिलो. ते म्हणाले, "घाई करू नकोस. ओळ गाळू नकोस."

खाली कुणी हसलं नाही. पोपटाने पाणी आणलं आणि त्यांचे बूट पायात घालून द्यायला खाली बसला.

खोलीत आल्यावर मी म्हटलं, "नाही का म्हणाला नाहीत? मला सांगायचं ना!"

"तोंड होतं मला नाही म्हणायला," काका म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून चढलो असं समजू नकोस. एवढ्या माणसांसमोर दिसत नाही म्हणायची लाज वाटली. आणि एकदा, शेवटचं, वर जायचा मोह झाला. इतकी वर्षं नम्रपणावर बोलत आलो उपासनेच्या खोलीत. आज कळलं, माझा गर्व कुठे लपून बसला होता ते. दुसऱ्या मजल्यावर."

हसले. मी नाही हसलो. ते म्हणाले, "तुला हाक मारायला मला त्या चढण्यापेक्षा जास्त जड गेलं. पण मारली. मारल्यावर हलकं वाटलं बघ."

मी मेलो असतो तरी चाललं असतं. ते पडले असते तर?

७ मार्च

साहेबांनी मला कोपऱ्यात घेऊन झाडलं. मी म्हटलं, मुकादमकी काढून घ्या. साहेब माझ्याकडे बघतच राहिले.

"ती मी दिलेलीच नाही, काढू कशी? म्हातारा आला होता माझ्याकडे, तुमचा मुकादम जायचं ठरायच्याही आधी. म्हणाला, नजर गेली, आता मला वर ठेवलंत तर पाप लागेल. आणि जागा भरायची वेळ आली तर या पोराला द्या. तापट आहे, पण हात खरा आहे. फक्त माझ्या शब्दावर दिली म्हणून सांगू नका, स्वतःच्या बळावर मिळाली असं वाटू दे त्याला."

म्हणजे मी प्रार्थनेत मागायच्या आधीच.

वाळूच्या ढिगामागे जाऊन बसलो जरा वेळ. त्या दिवशी ते इथेच बसले होते. जागा गेली म्हणून नाही रडले. त्या दिवसापासून ते कधीच वर जाणार नव्हते.

१० मार्च, रविवार

डॉक्टरकडे ते आधीच जाऊन आले होते, एकटे. डोळ्याची शीर सुकलीय, गेलेली नजर परत येत नाही, असं सांगितलं म्हणे. अक्षरं थंडी सुरू झाली तेव्हाच गेली.

"म्हणून मला वाचायला लावत होतात," मी म्हटलं.

"दोन्ही कामं होत होती ना," म्हणाले.

माफी मागायची म्हणून मी तीनदा तोंड उघडलं. शेवटी ते म्हणाले, "ऐकू आलं. वाच आता."

१६ मार्च

त्यांची लेक न्यायला आली होती. मी त्यांना ताई म्हणतो. काकांसारखंच नाक, पण बोलायला जोरदार. बसथांब्यावर मला म्हणाल्या, "तुम्हीच का ते मुकादम? फोनवर दुसरं नावच नसतं यांच्या तोंडात. माझा मुकादम असा, माझा मुकादम तसा." मी मान खाली घातली.

काकांनी पाना मला दिला. दांडा त्यांच्या अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालाय. शास्त्र पण माझ्याकडेच ठेवलं. "मी उघडून काय करू? तू रविवारी फोनवर वाचत जा." मी म्हटलं, मी चुका करतो. म्हणाले, "म्हणून तर. चुकला नाहीस तर मला काय काम उरलं?"

बस हलली. त्यांनी हात हलवला, पण मी होतो त्याच्या दुसऱ्याच बाजूला. मी पळत त्या बाजूला गेलो.

७ एप्रिल, रविवार

मधले दिवस लिहिलं नाही. काम होतं आणि खोली मोठी झाल्यासारखी वाटते. रोज चढतो आधी मी. टकटक करतो. पोपट म्हणतो, "ओळंब्याचं भूत शिरलं भिंगरीत." चिडलो नाही. त्याच्या आवाजात पूर्वीची मजा नव्हती, त्यालाही आठवण येत असेल.

रविवारी फोन करतो. मी वाचतो, ते तिकडून थांबवतात. आज आवाज खोल गेलेला. खोकत होते. "मागं जा" म्हणता म्हणता खोकला आला आणि ओळ कुठली ते सांगायचं राहिलं. मग मीच शोधली. ताई म्हणाल्या, छातीत पाणी झालंय, दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर हट्टाने नको म्हणतात. मागून काकांचा आवाज आला, "हट्ट नाही गं. थकलोय फक्त." फोन ठेवताना मला म्हणाले, "पुढच्या वेळी तो पायांचा अध्याय घे."



२१ एप्रिल, रविवार

मागच्या रविवारी काकांना दवाखान्यात नेलं होतं, फोन झाला नाही. आज ताईंचा फोन सकाळीच आला. घरी आणलंय. परवापासून बोलत नाहीत, डोळे मिटलेले आहेत, श्वास चालू आहे. "तुम्ही वाचा. मी फोन कानाशी धरते. रविवार आहे ना."

पायांचा अध्याय काढला. टॉवेल बांधला इथपर्यंत बरं वाचलं. पुढे डोळ्यांपुढे अक्षरं पोहायला लागली. पाय हा शब्द आला की माझ्या हाताला ती भेगाळलेली टाच लागायची. घाईघाईने पुढे गेलो आणि मला कळलं, एक ओळ गाळली.

थांबलो.

ते म्हणतील म्हणून थांबलो. फोनमध्ये नुसता श्वास होता, लांब लांब. मी वाट बघत राहिलो. असं वाटलं की आता म्हणतील, आता.

मग मीच मागे गेलो. ती ओळ वाचली. नीट, एकेक शब्द. आणि अध्याय संपेपर्यंत वाचत राहिलो, अर्धा सोडला नाही.

२३ एप्रिल

काका गेले. पहाटे. ताई म्हणाल्या, कुणाला त्रास दिला नाही. मातीला मला पोचता आलं नाही, अंतर फार आहे.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत पाळकसाहेबांनी चार शब्द बोलायला सांगितलं मला. मी उठून उभा राहिलो आणि काहीच बोलता येईना. माझं तोंड, जे कधी बंद नसतं. म्हटलं, "त्यांनी मला काम शिकवलं." आणि बसलो. नव्या वडिलांनी प्रार्थना केली, लांबलचक. आवाज खरंच चांगलाय त्यांचा. मी दाराजवळच्या खुर्चीत होतो.

३० एप्रिल

परांची सोडली. बांधताना खालून वर, सोडताना वरून खाली. वरची फळी काढली तेव्हा सगळा रंगवलेला दर्शनी भाग एकदम उघडा पडला. इतके महिने आम्ही त्याला मिठी मारून होतो आणि कुठे ओरखडा नाही. मागच्या बाजूचे दोन मजले मी स्वतः सोडले. काकांचे सांधे. प्रत्येक क्लॅम्प सोडायच्या आधी त्यांच्या पान्याने एकदा वाजवून बघितला. एकही ढिला नव्हता. पोपट खाली उभा होता, पाइप घ्यायला. म्हणाला, "सोडायच्या क्लॅम्पला कुणी वाजवतं का?" मग हात पुढे करून उभा राहिला. माझं होईपर्यंत.

गाडी भरत होतो तेव्हा रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा माणूस थांबला. हातातली पिशवी खाली ठेवून वर बघत राहिला. मला म्हणाला, "काय सुंदर रंग दिलाय हो. कुणी दिला?"

मी रंगाऱ्याचं नाव सांगितलं.

तो पिशवी उचलून गेला. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, आता राग येईल म्हणून. आला नाही. मग शेवटचा पाइप उचलून गाडीत ठेवला.